इओसेलियानींना आळशांचा कैवारी म्हणू नका

पिंप क्रमांक ४९ मधली वाइन अजून तयार झालेली नाही. कारखान्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. संचालकाला ठाऊक आहे, चव घेणाऱ्या समितीला ठाऊक आहे, पिंपांपाशी जन्म काढलेल्या कामगारांना तर सगळ्यांच्या आधी ठाऊक आहे. पण योजनेचा आकडा गाठायचा आहे, म्हणून ती बाटल्यांत भरायचं ठरतं. नुकताच नोकरीला लागलेला निको नावाचा तरुण तंत्रज्ञ सही करायला नकार देतो. लाजरा, मुलींपुढे गडबडणारा पोरगा आहे तो. बंडखोर म्हणावं असं त्याच्यात काही दिसत नाही. आपल्या नकाराने काहीच अडत नाही हे कळल्यावर तो त्या पिंपात जिलेटिन ओततो आणि मोकळा होतो.

जॉर्जियाचे दिग्दर्शक ओतार इओसेलियानी यांचा ‘गिओर्गोबिस्त्वे’ हा १९६६ सालचा कृष्णधवल चित्रपट. जगभर तो ‘पानगळ’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. मीही इथे तेच नाव वापरते. आमच्या फिल्म क्लबात तो दाखवला तेव्हा जिलेटिनच्या प्रसंगाला प्रेक्षक हसले. कारखान्याची छान जिरवली, असा त्या हसण्याचा सूर होता. मी हसले नाही, कारण मी आयुष्यभर प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. वाइनच्या नाही, दुधाच्या.

जिलेटिन हे वाइनमध्ये टाकायचं विष नव्हे. वाइन नितळ करण्याचा, तिचा तुरटपणा कमी करण्याचा तो जुना मान्य उपाय आहे. जिलेटिन हे प्रथिन. ते वाइनमधल्या टॅनिनला धरतं आणि दोन्ही मिळून हळूहळू तळाशी बसतात. बसायला दिवस जातात आणि तोवर पिंपाला हात लावता येत नाही. म्हणजे निकोने नासधूस केलेली नाही, भाषणही केलेलं नाही. त्या पिंपाला जो वेळ हवा होता तो त्याने धंद्याच्याच रीतीने मिळवून दिला. हे सुचायला लेखक-दिग्दर्शकाला तळघरातलं काम कळावं लागतं. प्रतिकार दाखवायचाच होता तर नळी कापता आली असती, बाटल्या फोडता आल्या असत्या. पडद्यावर ते जास्त उठूनही दिसलं असतं.

आता माझी तक्रार. इओसेलियानी १७ डिसेंबर २०२३ रोजी तिबिलिसीत वारले, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी. त्याआधीही आणि त्यानंतर तर फारच, त्यांच्याविषयी जे लिहिलं-बोललं जातं त्याचा सूर ठरलेला असतो: आळसाचा कवी, रिकामटेकड्यांचा तत्त्वज्ञ, वाइन आणि गाणं आणि दोस्तांच्या मैफलीचा उपासक. आपल्याकडच्या चित्रपटप्रेमींनाही हे वर्णन फार आवडतं. आठवड्याला सत्तर तास काम करावं की नव्वद, असे वाद रंगत असताना असा एखादा आजोबा हवाहवासा वाटतो, हे मी समजू शकते. पण वर्णन चुकीचं आहे. इओसेलियानी कामाचे दिग्दर्शक होते. चांगलं काम म्हणजे काय, ते कोण बिघडवतं आणि बिघडवणाऱ्यांच्या मधोमध राहून माणूस ते कसं करत राहतो, याच गोष्टीत त्यांना रस होता. बाटली त्यांच्या चित्रपटांत सतत दिसते, पण नजर बाटलीवर अडकली की ती भरणारे हात दिसत नाहीत.

त्यांचं स्वतःचं शिक्षणच बघा. जन्म २ फेब्रुवारी १९३४, तिबिलिसीचा. तिथल्या संगीत विद्यालयात पियानो, संगीतरचना आणि वाद्यवृंद-संचालन शिकले. मग मॉस्को विद्यापीठात गणित. ते अर्धवट सोडून मॉस्कोच्याच चित्रपट संस्थेत गेले, जिथे अलेक्सांद्र दोव्हझेंको त्यांचे शिक्षक होते. संगीत आणि गणित दोन्ही शिकलेला माणूस ढिलाईचा उपासक निघेल, ही अपेक्षाच मुळात विचित्र आहे.

‘एप्रिल’ हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट, साधारण पाऊण तासाचा, जवळजवळ संवादांशिवाय. एका तरुण जोडप्याला नवीन फ्लॅट मिळतो. फ्लॅट रिकामा असतो तेव्हा दोघांनी एकमेकांचं चुंबन घेतलं की दिवा आपोआप लागतो, नळाला पाणी येतं. मग फर्निचर येऊ लागतं. कपाटं, खुर्च्या, काचेची भांडी, दाराला कुलूप. जसजसं सामान वाढतं तसतसं प्रेम आटतं आणि दिवाही लागेनासा होतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघात घरोघरी नवीन फ्लॅट वाटले जात होते. तेव्हा ही गंमत अधिकाऱ्यांना रुचली नाही. ‘रूपवाद’ हा तेव्हाचा ठरलेला शिक्का बसला आणि चित्रपट डब्यात गेला. कानच्या महोत्सवात तो पोचायला २००० साल उजाडलं.

यानंतर इओसेलियानींनी काय केलं, हे मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांहून महत्त्वाचं वाटतं. ते मासेमारीच्या बोटीवर कामाला गेले आणि मग रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात. तिबिलिसीपासून जवळच, युद्धानंतर उभारलेलं हे कारखान्याचं शहर. भट्टीपाशी काम केल्यावर त्यांनी १९६४ मध्ये त्याच कारखान्यावर एक लघुपट केला: ‘तुजी’, म्हणजे बीड, ओतीव लोखंड. निवेदन नाही. त्या काळातल्या सोव्हिएत माहितीपटांत कामगार छाती काढून क्षितिजाकडे बघत असे आणि मागे ढोल वाजत. इथे घामेजलेली माणसं भट्टीभोवती वावरतात, धग चुकवतात, एकमेकांना खुणा करतात, कारण त्या आवाजात बोलणं ऐकू येतच नाही. पाळी सुरू होते, पाळी संपते. ‘आळसाचा कवी’ म्हणणाऱ्या किती जणांनी हा लघुपट पाहिला असेल?

‘पानगळ’ही अशाच एका माहितीपटासारख्या तुकड्याने सुरू होते. गावाकडची द्राक्षतोडणी, पायांनी तुडवलेली द्राक्षं, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठे रांजण. जॉर्जियात यांना क्वेव्री म्हणतात. वाइन करण्याच्या या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जागा दिली. त्या देशात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या तुकड्यांवर वाइनच्या खुणा सापडल्या आहेत. हा सगळा तुकडा शांतपणे दाखवून झाल्यावर दिग्दर्शक आपल्याला शहरातल्या सरकारी कारखान्यात नेतो, जिथे वाइन हा योजनेतला एक आकडा आहे. दोन्हीकडे राबणं आहेच, पण गावाकडे वाइन कधी तयार होणार हे वाइनच ठरवते आणि कारखान्यात ते कॅलेंडर ठरवतं. पुढचा सगळा चित्रपट या फरकावर उभा आहे.

दूध संघातली सकाळ मला त्यामुळे आठवत राहते. टँकर डॉकला लागलेला असतो, ड्रायव्हरला परतायची घाई असते. नमुना घ्यायचा, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरणारे घन पदार्थ, काढायचे. त्याआधी परीक्षानळीत थोडं दूध घेऊन उकळत्या पाण्यात धरायचं. नळीच्या काचेवर बारीक दाणे दिसले की दूध आंबायला लागलेलं आहे, टँकर परत. एवढं साधं असतं ते. पण मग फोन येतो. कधी वरून, कधी बाजूच्या खोलीतून. ‘मॅडम, एवढ्या दुधात मिसळून जाईल, कुणाला कळणार नाही.’ फोन करणारा माणूस वाईट नसतो, खरं तर दूध नाकारलं की ज्या गावाचं नुकसान होणार तिथले लोक त्याच्या ओळखीचे असतात. निकोच्या कारखान्यातही खलनायक कुणी नाही, हे मला फार खरं वाटलं. संचालक मायाळू आहे. सहकारी हसतमुख आहेत. निकोबरोबरच रुजू झालेला मित्र, त्याचंही नाव ओतार, हुशार आणि टापटीप आहे आणि कुठे मान डोलवायची ते त्याला लगेच कळतं. वाईट वाइन तयार व्हायला वाईट माणसं लागत नाहीत, सगळ्यांनी थोडं थोडं समजून घेतलं की पुरतं.

आता ‘आळसा’चा जो मुख्य पुरावा म्हणून पुढे केला जातो, त्याच्याकडे येते. १९७० सालचा ‘एक होता गाणारा कस्तूर’. गिया नावाचा तरुण तिबिलिसीच्या वाद्यवृंदात टिंपनी वाजवतो, म्हणजे ते मोठे तांब्याचे नगारे. गेला कांदेलाकी यांनी ही भूमिका केली आहे. दिवसभर गिया शहरभर पळत असतो. एकाला भेटायचं कबूल केलंय, दुसरीला फोन करायचाय, पाहुण्यांना गाव दाखवायचंय, कुणाच्या वाढदिवसाला गायचंय. एक धून त्याच्या डोक्यात आहे, ती कागदावर उतरवायला त्याला कधी वेळ मिळत नाही. संगीतिकेला सुरुवातीला नगारा लागतो आणि मग थेट शेवटी, त्यामुळे मधल्या वेळात हा बाहेर सटकतो. वाद्यवृंदाचा संचालक घामाघूम. आणि प्रत्येक वेळी, अगदी शेवटच्या क्षणी, गिया कोट सावरत आत शिरतो, काठ्या उचलतो आणि ठोका नेमका त्या मात्रेवर पडतो.

रशियन प्रजासत्ताकात १९६१ मध्ये ‘परोपजीवी’ माणसांविरुद्ध फर्मान निघालं होतं. समाजोपयोगी काम न करणाऱ्याला त्याखाली हद्दपार करता येई. १९६४ मध्ये लेनिनग्राडला जोसेफ ब्रॉडस्की या कवीवर याच आरोपाखाली खटला चालला आणि त्याला पाच वर्षं सक्तमजुरीसह हद्दपारीची शिक्षा झाली. या पार्श्वभूमीवर गियासारखा नायक पाश्चात्त्य समीक्षकांना बंडखोर रिकामटेकडा वाटला, तर ते साहजिक होतं. सोव्हिएत अधिकाऱ्यांना तो वाया गेलेला वाटला, तेही साहजिक. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं, की गिया काही काम करत नाही.

पण तो ठोका चुकवत नाही ना! संपूर्ण चित्रपटात एकदाही नाही. ज्यांना वाद्यवृंदात किंवा साथसंगतीत बसायची सवय आहे त्यांना विचारा, शंभर मात्रा गप्प राहून एकशेएकाव्या मात्रेवर बरोबर पडणं किती कठीण असतं. बाकीचे बसून मोजतात, हा गावभर फिरून मोजतो. आणि दिवसभर तो जे करतो ते बघा: कुणाला औषध, कुणाला सोबत, कुणाला नुसतं ‘कसा आहेस’. एका घड्याळजीच्या दुकानात तो असाच डोकावतो आणि टोपी अडकवायला भिंतीत एक खिळा ठोकून देतो. नंतर रस्त्यावर वाहनाची धडक बसून गिया मरतो. पुढे घड्याळजी दुकानात येतो आणि आपली टोपी त्या खिळ्याला अडकवतो. बहुतेक समीक्षक इथे हळहळतात: एवढ्या गुणी माणसाचं जगात मागे काय उरलं, तर एक खिळा. मला तो प्रसंग वेगळा दिसतो. तो खिळा पक्का बसलेला आहे. टोपी पडत नाही. आमच्या संघात लाखोंच्या यंत्रणा बसवल्या गेल्या आणि वर्षभरात बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे या खिळ्याला मी कमी लेखू शकत नाही.

‘पास्तोराली’विषयी थोडक्यात. १९७५ चा हा चित्रपट. शहरातले चार वादक उन्हाळ्यात सराव करायला पश्चिम जॉर्जियातल्या एका खेड्यात जाऊन राहतात. त्यांचा सराव आणि गावकऱ्यांची कामं शेजारीशेजारी चालतात, एकमेकांना स्पर्श न करता. घरातल्या मुलीला संगीताचं कुतूहल आहे; ती भूमिका दिग्दर्शकाच्या मुलीने, नाना इओसेलियानी यांनी केली आहे. वादक निघून जातात, कामं चालू राहतात. हाही चित्रपट अधिकाऱ्यांनी रखडवला आणि १९८२ मध्ये बर्लिनला पोचल्यावर त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. साधारण त्याच सुमारास इओसेलियानी फ्रान्सला गेले.

फ्रान्समधली कारकीर्द लांब आहे, मान्यतेची आहे आणि माझ्या मते कमी-जास्त प्रतीची आहे. व्हेनिसच्या महोत्सवात त्यांना विशेष परीक्षक पुरस्कार तीनदा मिळाला: १९८४, १९८९ आणि १९९६ मध्ये. त्यातला पहिला, ‘चंद्राचे लाडके’, मला फार आवडतो. एक जुनं चित्र पुन्हा पुन्हा चोरीला जातं आणि दर वेळी चोर ते चौकटीतून कापून नेतात, त्यामुळे चित्र लहान लहान होत जातं. मात्यू आमाल्रिक हा पुढे नावाजलेला नट इथेच पहिल्यांदा पडद्यावर दिसला. १९८९ चा ‘आणि प्रकाश झाला’ सेनेगलच्या एका खेड्यात घडतो. तिथलं जंगल तोडणारे ट्रक आणि त्यात मोडत जाणारं गाव. हेतू चांगला आहे, पण बाहेरच्या माणसाने रंगवलेल्या निरागस खेड्याची त्यात मला जरा जास्तच गोडी जाणवते. रुस्तावीच्या भट्टीपाशी जी नेमकी नजर होती ती इथे नाही, कारण तिथे ते स्वतः राबले होते आणि इथे पाहुणे होते. एवढं कठोर बोलायचा मला अधिकार नसेलही, पण मत आहे.

उतारवयातल्या चित्रपटांत मात्र आळसाचा आरोप खरा ठरावा असं बरंच काही सापडतं, हे मान्य. २००२ च्या ‘सोमवार सकाळ’मधला वेल्डर व्हिन्सेंट एके दिवशी कारखान्याच्या दारातून आत न जाता सरळ व्हेनिस गाठतो. या चित्रपटासाठी बर्लिनला इओसेलियानींना दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. २००६ च्या ‘शरदातल्या बागा’मध्ये एका मंत्र्याचं पद जातं आणि तो सुखी होतो, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या भूमिकेत लुगडं नसलं तरी झगा घालून मिशेल पिकोली हे नट वावरतात, आणि ते बघताना हसू आवरत नाही. पण व्हिन्सेंट ज्या कामातून पळतो ते काम बघा. धूर, पाइप, नियमांच्या पाट्या; आपण वेल्डिंग केलेली वस्तू पुढे कुठे जाते याचा पत्ता नाही. घरी तो चित्रं काढायला बसला की घरचे दुसरी कामं सांगतात. तो कामाला कंटाळलेला नाही, त्याच्या वाट्याला आलेल्या कामाला कंटाळलेला आहे. शेवटी तो परततो आणि पुन्हा सोमवार येतो.

आणि मैफली? त्या तर आहेतच. लांबलचक टेबल, भरलेले पेले, गाणारी माणसं. पण जॉर्जियातलं मेजवानीचं टेबल म्हणजे बेशिस्त पिणं नव्हे. तिथे तामादा असतो, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार. कोणासाठी, कोणत्या क्रमाने, काय बोलून पेला उचलायचा हे तो ठरवतो आणि मधेच आपल्या मनाने पिणं असभ्य समजतात. गाणंही एकट्याचं नसतं. तीन स्वरपट्ट्या वेगवेगळ्या चालतात आणि प्रत्येकाने आपली धरून ठेवायची, शेजारच्याच्या सुरात वाहून जायचं नाही. इओसेलियानींनी १९६९ मध्ये या जुन्या गाण्यांवर एक लघुपट केला होता. तो बघितल्यावर त्यांच्या चित्रपटांतली दारू पिणारी माणसं मला वेगळी दिसू लागली. त्यांना कान आहेत आणि ती एकमेकांकडे लक्ष देऊन बसलेली आहेत.

त्यांची स्वतःची काम करण्याची पद्धत तर या सगळ्या गैरसमजाचा निकालच लावते. चित्रीकरणाआधी ते प्रत्येक दृश्याची चित्रं काढत, कोण कुठून येणार, कॅमेरा कुठे वळणार, हे सगळं कागदावर. पडद्यावर माणसं वाटेल तशी इकडेतिकडे फिरताहेत असं वाटतं आणि प्रत्यक्षात एकेक पाऊल मोजलेलं असतं. ज्युली बेर्तुचेल्ली या पूर्वी त्यांच्या सहायक होत्या. त्यांनी २००६ मध्ये इओसेलियानींवर एक माहितीपट केला, त्यात हा मोजणारा माणूस दिसतो. नावाजलेले नट ते फारसे घेत नसत, ओळखीपाळखीच्या लोकांना उभं करत. अशांकडून लांब, न तुटणाऱ्या दृश्यात नेमकी वेळ साधून घेणं किती जिकिरीचं असेल, याचा अंदाज ज्यांनी गॅदरिंगचं नाटक बसवलंय त्यांना येईल.

२०१० च्या ‘शांत्रापा’मध्ये त्यांनी आपल्याच कहाणीजवळची एक गोष्ट सांगितली. जॉर्जियातला एक तरुण दिग्दर्शक सेन्सॉरला वैतागून पॅरिसला जातो आणि तिथे निर्माते त्याच्या चित्रपटाची कापाकापी करू लागतात. तिकडे योजना होती, इकडे बाजार आहे. ४९ नंबरचं पिंप दोन्हीकडे वेळेआधी उघडायचं असतं. समाजवादाविरुद्धचा दिग्दर्शक म्हणून त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांना हा चित्रपट फारसा आवडला नसेल तर मला नवल वाटणार नाही.

आपल्या फिल्म क्लबांत इओसेलियानी म्हटलं की फ्रान्समधले, रंगीत, मौजेचे चित्रपट आधी लावले जातात. मग चर्चेत कुणीतरी आयुष्य संथपणे जगण्याविषयी बोलतं आणि सगळे खूश होऊन घरी जातात. माझी सूचना उलट आहे. आधी ‘तुजी’ दाखवा, लगेच ‘पानगळ’, दुसऱ्या दिवशी ‘गाणारा कस्तूर’. आणि या खेळांना नेहमीच्या आम्हा चित्रपटवेड्यांबरोबर नाशिकच्या वायनऱ्यांतल्या केमिस्टना, दूध संघांच्या प्रयोगशाळेतल्या मुलामुलींना, फाउंड्रीत पाळी करणाऱ्यांना बोलवा. जिलेटिनच्या प्रसंगाला कोण हसतं आणि कोण नाही, ते एकदा मला बघायचं आहे.